राजवाड्याला खिडक्या किती?

या वेळचं पत्र इंदूरच्याच एका चित्रकर्तीचं आहे. थोडं कापून देते.

"काकू, मी लोकमान्य नगरात राहते, वय एकेचाळीस. जलरंगात शहराची चित्रं करते. कृष्णपुऱ्याच्या समाधी-छत्र्या, लालबाग, पण खरी मागणी होळकरांच्या राजवाड्याला. लग्नातल्या भेटीसाठी, बदली होऊन जाणाऱ्या साहेबांसाठी, परदेशी गेलेल्या लेकीसाठी. सोळा वर्षांत किती राजवाडे काढले याची मोजदाद नाही, आता डोळे मिटूनही काढते. गेले आठ महिने मात्र ऑर्डर सोडून कागदाला ब्रश लागलेला नाही. बसते, वाटीत पाणी घेते, पाणी ओतते, उठते. मैत्रीण म्हणते, कोणाबरोबर तरी कोलॅब कर, रीचही वाढेल. पण चार वर्षांपूर्वी एका भिंतीचं काम आम्ही दोघींनी केलं होतं. कल्पना माझी, रेखाटन माझं, आणि खाली नाव तिचं एकटीचं. उद्घाटनाला मला बोलावणंसुद्धा नव्हतं. तेव्हापासून 'मिळून करू' म्हटलं की पोटात गोळा येतो. घरी बोलायला कोणी नाही. नवरा कामात, आणि सासरे, आम्ही अण्णा म्हणतो, सराफ्यात चाळीस वर्षं मुनीम होते, आता दिवसभर गॅलरीत बसून असतात. परवा मुलानं विचारलं, अकरा वर्षांचा आहे तो, 'आई, राजवाड्याला खिडक्या किती?' मला सांगता येईना. त्या रात्री खूप रडले. माझ्यातली कला संपली का? की ती नव्हतीच, नुसता हात बसला होता? मला अगं-तूगंच करा. — राजवाडावाली"

अगं राजवाडावाली,

तुझं पत्र वाचलं आणि आधी डोळे मिटून खिडक्या मोजायला बसले. सदुसष्ट वर्षं या गावात काढली, त्यातली तीस मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात. सात मजले आहेत हे पाठ, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी हेही पाठ. खिडक्यांना हात घातला आणि तिसऱ्या मजल्यावर गाडी अडली. तेव्हा रडू नकोस, या परीक्षेत आपण दोघी नापास आहोत.

पण तुझ्या मुलाचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्याइतकंच तुझं ते दुसरं वाक्य, 'डोळे मिटून काढते'. तू ते अभिमानानं लिहिलंयस की कंटाळून, मला कळलं नाही. बहुधा दोन्ही. मला विचारशील तर सगळी गोम तिथेच आहे. राजवाड्यासमोर वही उघडून तू शेवटची कधी बसलीस? मला वाटतं, वर्षं झाली असतील. आज तू जो राजवाडा काढतेस तो मागच्या महिन्यातल्या राजवाड्यावरून, तो त्याच्या मागच्यावरून. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की काय होतं, ठाऊक आहे ना? अक्षरं वाचता येतात, पण कडा भुरकट होत जातात. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही. तुझ्या हाताला दिसतंय, म्हणून तो उठून जातो.

हात बसला ही काही शिवी नव्हे. पोळी लाटणाऱ्या बाईचा हात बसलेला नसेल तर घर उपाशी राहील. तुझ्या बसलेल्या हातानं सोळा वर्षं घराला पैसे आणलेत, त्याला नावं ठेवू नकोस. हात तयार आहे, त्याला काढायला नवं काही मिळत नाहीये, एवढंच झालंय. आणि ते नवं घरात एकट्यानं पाण्याच्या वाटीपुढे बसून मिळत नाही. माझा अनुभव असा की कुतूहल हे बहुतेक वेळा उसनं आणावं लागतं. ज्याला आपला धंदा कळत नाही अशा माणसाकडून आणलं तर सगळ्यात बरं.

माझीच गोष्ट सांगते. शाळेची नोकरी असताना मी हौशी नाटकवाल्यांचं नेपथ्य करायची. लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणायचा, खडूची भुकटी आणि सरस कालवून अस्तर द्यायचं, वर रंग. एकदा जुन्या वाड्याची भिंत केली, चुन्याची, निळसर झाक असलेली. कोनाडा, खुंटी, खुंटीची सावली, सगळं मन लावून रंगवलं. आमच्याकडे दिवे लावायला एक इलेक्ट्रिशियन यायचे. दिवसभर विहिरींचे पंप दुरुस्त करायचे आणि रात्री आमचे दिवे टांगायचे. चित्रकलेशी त्यांचा संबंध नाही. रंगीत तालमीला त्यांनी माझ्या भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, इस दीवार पे धूप किधर से आती है?"

मी गप्प. खिडकी उजवीकडे होती, म्हणून त्यांनी दिवे उजवीकडे टांगलेले. मी खुंटीची सावलीही उजवीकडेच रंगवली होती, का, तर तिथे ती छान दिसत होती. आता एका खुंटीला दोन सावल्या, एक रंगाची उजवीकडे आणि एक दिव्याची डावीकडे. त्यातून त्यांनी दिव्यांपुढे अंबर जिलेटिनचा पिवळा कागद लावलेला, म्हणजे माझी ती लाडकी निळी झाक त्या पिवळ्या उजेडात मळकट, ओल्या पोत्यासारखी झाली. मला इतका राग आला की मी चहा न घेता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला हेच गृहस्थ मला एका जुन्या वाड्याच्या चौकात घेऊन गेले. तिथला पंप बिघडला होता. ते पंपाशी आणि मी भिंतीशी. तासभर फक्त ऊन कसं सरकतं ते पाहिलं. सावली राखाडी नसते हे मी मुलींना वर्षानुवर्षं सांगत होते, पुस्तकात वाचलेलं म्हणून. त्या दिवशी दिसलं की चुन्याच्या भिंतीवरची सावली वरच्या अंगाला निळी असते, आभाळाची, आणि खालच्या अंगाला तांबूस, कारण चौकातल्या विटांचा उजेड उलटून तिच्यावर येतो. घरी येऊन भिंत धुतली, नव्यानं रंगवली. पुढची दहा-बारा वर्षं आम्ही दोघांनी मिळून नाटकं केली. माझी जलरंगातली चित्रं त्याच काळात सुधारली. कोणी विचारलं तर मी गुरू म्हणून शाळेतल्या सरांचं नाव सांगते, पण मनात त्यांच्या शेजारी पंपवाले भैयाही असतात.

आता तू म्हणशील, काकू, तुमचं ठीक आहे, थोरामोठ्यांचं काय? थोरामोठ्यांचंही आपल्याच गावात पाहून घे. देवळालीकरांनी १९२७ साली इथे चित्रकलेचं शिक्षण सुरू केलं. नारायण श्रीधर बेंद्रे, दे. जो. जोशी, मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर ही सगळी त्यांच्याच हाताखालची मंडळी. एकाच मास्तरांचे विद्यार्थी, आणि पुढे एकाचं चित्र दुसऱ्यासारखं नाही. बेंद्रे तर स्वतःसारखेही राहिले नाहीत. निसर्गचित्रं, मग घनवादी वळण, मग अमूर्त, आणि उतारवयात ठिपक्या-ठिपक्यांनी भरलेली माणसं. जे छान जमलं होतं तेच त्यांनी आयुष्यभर विकलं असतं तरी कोणी बोट ठेवलं नसतं.

चिंचाळकर गुरुजींचं तर विचारूच नकोस. व्यक्तिचित्रात इतका तयार हात असलेला माणूस, आणि पुढे काय करत बसला? वाळक्या फांद्या, बिया, सालपटं, फुटकी कौलं, गंजके पत्रे. लोकांना त्यात कचरा दिसायचा, त्यांना त्यात मोर, म्हातारी, गणपती दिसायचा. आमच्या शाळेतल्या मुलींना मी एकदा त्याच वाटेनं नेऊन पाहिलं. आवळ्याच्या झाडाखालून जे हाताला लागेल ते आणा म्हटलं. पस्तीस मुलींनी पस्तीस डहाळ्या आणल्या. आपल्या डहाळीत काय आहे ते मुलीला स्वतःला दिसायचं नाही, शेजारणीला दिसायचं. "अगं, तुझी तर शेळी आहे!" मग हे मी दर वर्षी करून पाहिलं, आणि दर वर्षी तसंच झालं.

गुरुजींची एक चौकडी होती. ते चित्रकार, राहुल बारपुते 'नई दुनिया'चे संपादक, बाबा डिके नाटकवाले, आणि पस्तीस किलोमीटरवर देवासला कुमार गंधर्व. चौघांचे चार धंदे. मला या मैत्रीचं मर्म यातच वाटतं. एकमेकांशी स्पर्धा करायची सोयच नव्हती. दोन चित्रकार एकत्र बसले की थोड्या वेळानं गाडी कागद कुठला वापरतोस आणि गॅलरीवाला किती टक्के घेतो यावर येते. (येतेच. मी चाळीस वर्षं पाहतेय.) गवई, पत्रकार, नट आणि चित्रकार बसले तर त्यांना जगाबद्दलच बोलावं लागतं.

आणि तुझ्या आठ महिन्यांविषयी. १९४८ मध्ये कुमारजी क्षय घेऊन देवासला आले तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचे होते. लहानपणापासून गाजलेला गवई, आणि डॉक्टरांनी गाणंच बंद केलेलं. एक-दोन महिने नव्हे, पाचएक वर्षं. त्या दिवसांत कानावर पडत होती ती आसपासच्या बायकांची सणावाराची, लग्नाकार्याची माळवी गाणी. आपण सगळ्यांनीच ती ऐकली आहेत आणि 'छान' म्हणून पुढे गेलो आहोत. त्यांनी ती ऐकली, पुढे गोळा केली, स्वरलिपीत बांधली. चार-पाच सुरांच्या साध्या धुनेत अख्ख्या रागाचं बीज असतं हे त्यांना तिथे दिसलं, आणि त्यातून मालवती, लगनगांधार, सहेली तोडी असे धुनउगम राग आले. ज्या बायकांकडून हे आलं त्यांनी रागसंगीताचा र ऐकला नसेल. आजाराचं मी कौतुक करत नाहीये, तसला आजार वैऱ्यालाही नको. पण हात बंद असताना कान बंद नव्हते, एवढं बघ. तुझे आठ महिने वाया गेले असं मी म्हणणार नाही, मात्र त्या आठ महिन्यांत तू काय पाहिलंस, काय ऐकलंस, याबद्दल तुझ्या पत्रात एक ओळ नाही. आहे तो फक्त कोरा कागद.

बडोद्याचंही थोडं सांगते, कारण आपले बेंद्रे १९५० साली तिथल्या नव्या ललितकला विभागात गेले आणि सोळा वर्षं राहिले. त्यांच्या हाताखाली शिकलेले ज्योती भट्ट हे छापचित्रकार. साठीच्या दशकाच्या अखेरीस कॅमेरा घेऊन खेड्यापाड्यांत हिंडू लागले, बायका भिंतींवर आणि अंगणात काय काढतात ते टिपायला. सुरुवात एका कामापुरती, आणि मग वर्षानुवर्षं तेच वेड. भूपेन खख्खर तर शिकलेले हिशेबनीस, सनदी लेखापाल. एका कारखान्यात अर्धवेळ हिशेब लिहायचे आणि उरल्या वेळात चित्रं काढायचे. न्हावी, घड्याळजी, लेखापाल, अशी माणसं भारतीय चित्रात त्यांनी आणून बसवली. ती त्यांना दिसली, कारण ते त्यांच्यात वावरत होते. तुझ्या ऑर्डरींचं तुला ओझं वाटतं म्हणून हे मुद्दाम लिहिलं. पोटाचं काम वेगळं आणि शोधाचं वेगळं, हे दोन्ही एकाच माणसात सुखानं नांदतात. फक्त दोघांना एकाच कागदावर बसवू नये.

आता त्या भिंतीचं.

मिळून करण्याचा आपल्याकडचा सगळ्यात जुना धडा मी संजाच्या भिंतीवर गिरवला. तुमच्या भागात आता दिसत नसेल, आमच्या लहानपणी श्राद्धपक्ष लागला की गल्लीतल्या माळवी मुली रोज संध्याकाळी भिंतीवर शेणानं संजा मांडायच्या. एक दिवस चांद-सूरज, एक दिवस सातिया म्हणजे स्वस्तिक, रोज नवा आकार. त्यावर गुलबास, तेरड्याच्या पाकळ्या दाबून बसवायच्या, मग गाणी. दुसऱ्या दिवशी ते खरवडून नवीन. शेवटच्या दिवशी किलाकोट, म्हणजे तटबंदीचा किल्ला, तो एवढा मोठा की सगळ्या मिळून केल्याशिवाय होत नाही. त्यांच्यात मराठी घरातली मी एकटीच होते. मला गाणी अर्धी कळायची, पण पाकळ्या बसवण्यात माझा नंबर पहिला. मग नवरात्रात त्याच मुली आमच्याकडे भोंडल्याला यायच्या आणि आईची खिरापत ओळखताना चुकीची नावं घ्यायच्या. शेणाचा तो गारवा आणि बोटाला चिकटलेली पाकळी मला अजून आठवते. किलाकोट कुणाचा, असं कधी कुणी विचारलं नाही.

संजाला नाव लागत नाही. तुझ्या भिंतीला मात्र लागतं, कारण तिथे पैसे आहेत आणि त्या नावावर पुढचं काम मिळतं. तुझ्यावर अन्याय झाला. 'जाऊ दे, कलेसाठी केलंस ना' असं मी तुला सांगणार नाही, मला तसं सांगणाऱ्यांची चीड आहे. पण त्या प्रकरणातून तू धडा घेतलास तो चुकला. 'कोणाबरोबर करू नये' हा धडा नव्हे. 'लिहून न घेता करू नये' हा.

मी वकील नाही, पण नेपथ्याच्या भांडणांमुळे १९५७ चा कॉपीराइट कायदा मला शिकावा लागला. दोघींचा वाटा वेगळा काढून दाखवता येणार नाही असं काम असेल तर कायदा त्याला संयुक्त कृती मानतो, मालकी दोघींची. आणि ही गोष्ट बहुतेक चित्रकारांना माहीतच नसते: कोणी पैसे देऊन तुझ्याकडून चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरवलं नसेल, तर त्याचा कॉपीराइट काम देणाऱ्याकडे जातो. म्हणजे तुझ्या ऑर्डरीच्या राजवाड्यांची कॅलेंडरं उद्या कोणी छापली तर तुझे हात बांधलेले. म्हणून आधी ठरवायचं. हक्क दुसऱ्याला द्यायचा झाला तर तो लेखीच द्यावा लागतो, आणि कागदावर मुदत घातली नसेल तर तो पाच वर्षांचाच धरतात. मात्र हक्क विकला तरी 'हे माझं काम आहे' असं म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो, कलम ५७. त्या भिंतीसाठी भांडायचं असेल तर चांगला वकील गाठ, जुनी रेखाटनं आणि मेसेज जपून ठेव. भांडायचं नसेल तरी तुझ्या कामाच्या फायलीत त्या भिंतीचा फोटो घाल, आणि खाली 'संकल्पना व रेखाटन' म्हणून तुझं नाव. लपूनछपून नाही, ठसठशीत.

पुढच्या वेळी काम सुरू करण्याआधी एक साधा मेसेज. नावं कोणत्या क्रमानं, पैसे कसे वाटायचे, मूळ चित्र कोणाकडे राहणार, प्रिंट कोण काढू शकणार, फोटोखाली काय लिहायचं. समोरची म्हणाली, 'एवढं काय, आपल्यात काय कागद', तर चहा पाजून वाटेला लाव. जिच्याशी हे पाच प्रश्न मोकळेपणानं बोलता येतात, तिच्याशीच रंगाबद्दलही भांडता येतं.

मैत्रिणीच्या कोलॅबविषयी जास्त बोलत नाही. रीच वाढेल, वाढू दे. पण दोघी चित्रकार, दोघी राजवाडा काढणाऱ्या, मिळून तिसरा राजवाडा काढणार. त्यातून काय निघणार ते मी इथूनच सांगू शकते.

तुझा जोडीदार मला तुझ्या पत्रातच सापडलाय. तू त्याला एका ओळीत उरकलंस. चाळीस वर्षं सराफ्यात मुनीमकी केलेला माणूस तुझ्या गॅलरीत बसून आहे आणि तू लिहितेस, घरी बोलायला कोणी नाही!

सराफा तुलाही माहीत आहे आणि मलाही, पण आपल्याला माहीत आहे तो रात्रीचा, खाण्याच्या गाड्यांचा, भुट्ट्याचा कीस आणि थंडीतल्या गराडूंचा, म्हणजे तळलेल्या कंदांचा. अण्णांना दिवसाचा माहीत असणार. मला स्वतःला तिथला सगळ्यात आवडणारा वेळ म्हणजे साडेआठ-नऊचा, दुकानं वाढवायची आणि गाड्या लागायच्या मधला. शटर खाली येतंय, आतला माणूस कुलूप ओढून पाहतोय, आणि त्याच ओट्यावर दुसरा माणूस कढई टेकवतोय. दिवसभर ज्या दगडावर सोनं तोललं त्यावर आता बटाट्याची परात. एका ओट्याचे दोन मालक, आणि मधली दहा मिनिटं तो कोणाचाच नाही. ती दहा मिनिटं कोणी रंगवलेली माझ्या पाहण्यात नाहीत. अण्णांना विचार, त्यांच्या दुकानात संध्याकाळी दिवा कोण लावायचं, गादीवरची चादर कोण झटकायचं, झटकलेली धूळ फेकून द्यायचे की ठेवायचे. (ठेवत असणार. सोनाराच्या धुळीतून सोनं गाळणारे झारेकरी असतात, त्यांना ती विकतात.) त्यांनी सांगायचं, तू काढायचं, आणि काढलेलं त्यांना दाखवायचं. ते चित्राला छान म्हणणार नाहीत. म्हणतील, तराजू असा नसतो गं, काटा या बाजूला. मग पुसून पुन्हा काढ. नाव द्यायची वेळ आली तर दोघांचं दे, आणि त्यांच्याशीही ते पाच प्रश्न बोल, मुनीम आहेत, त्यांना आवडेल.

यासाठी वेगळी वही घे, स्वस्तातली, म्हणजे कागद वाया जाण्याची भीती राहणार नाही. ऑर्डरी आठवड्यातले ठरलेले चार दिवस कर, त्या बंद करू नकोस. या वहीतलं पान निदान दिवाळीपर्यंत मोबाइलवर टाकू नकोस. लोकांना दाखवायचं म्हटलं की आपण ओळखीचं काढायला लागतो. तुझ्याकडून पुन्हा राजवाडा निघेल.

राजवाड्याचंही राहिलंच आहे. रविवारी पोहे खाऊन झाले की मुलाला घेऊन जा, उन्हं चढायच्या आत, नंतर त्या चौकात उभं राहायला जागा मिळत नाही. त्यानं मोठ्यानं मोजायचं आणि तू नुसत्या खिडक्या काढायच्या. भिंत नाही, कमान नाही, आभाळ नाही. एकेक खिडकी, जशी आहे तशी. उघडी, मिटलेली, फळी निखळलेली, कबुतर बसलेली, वायर लोंबणारी. वरच्या लाकडी मजल्यांपाशी अडलीस तर एखादा जुना सुतार शोधून एकदा सोबत ने. १९८४ च्या दंगलीत वाड्याला आग लागली होती, नंतर पुष्कळ काम नव्यानं झालंय. कुठलं लाकूड जुनं आणि कुठलं नवं हे तुला-मला सांगता येणार नाही, त्याला सांध्यावरून सांगता येईल.

अण्णांना सराफ्यात नेशील तेव्हा फोल्डिंगची खुर्ची बरोबर ठेव. आणि त्यांनी कितीही आग्रह केला तरी गराडू एका पानाच्या वर देऊ नकोस, या वयात तळलेलं बाधतं. मुलानं मोजलेल्या खिडक्या आणि तू काढलेल्या खिडक्या यांचा आकडा जुळला नाही, तर दोन्ही आकडे मला पाठव.

तुझी,
काकू